बिल्डनंतरचा पसारा

लिनक्सचं कर्नल कंपाईल करून झालं की बूट करायला लागणारी फाईल दहा-पंधरा एमबीची असते, सोबत मॉड्यूल्सचं एक फोल्डर. पण सोर्स ट्रीवर 'डीयू' चालवून बघा. डिस्ट्रोचं कॉन्फिग जसंच्या तसं उचलून, डिबग माहिती चालू ठेवून बिल्ड केला असेल तर वीस जीबीच्या घरातला आकडा दिसला तरी दचकू नये. हजारो डॉट-ओ फायली, प्रत्येकीच्या शेजारी एक लपलेली डॉट-सीएमडी फाईल आणि वर ठाण मांडून बसलेली भलीमोठी व्हीएमलिनक्स. डिस्क भरत आली की टीममधलं कुणीतरी विचारतंच, "सर, हे उडवू का?"

डॉट-ओ खुशाल उडव. व्हीएमलिनक्सला हात लावू नकोस.

डॉट-ओ ठेवण्यामागचा युक्तिवाद एकच, वेळ वाचतो. तो खराही आहे. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये 'मेक' लिहिलं, त्याचा नियमच तसा आहे: ऑब्जेक्टपेक्षा सोर्स नवा असेल तरच पुन्हा कंपाईल करायचं. कर्नलचा बिल्ड त्याच्या एक पाऊल पुढे आहे. कुठला ऑब्जेक्ट कुठल्या कमांडने बनला ते डॉट-सीएमडीत लिहिलेलं असतं, त्यामुळे नुसता एखादा फ्लॅग बदलला तरी त्याला कळतं. रोज एकाच ड्रायव्हरशी झटणाऱ्याने दर संध्याकाळी ट्री धुऊन काढणं म्हणजे निव्वळ सोवळं. पण महिनाभर कुणी ढुंकून न पाहिलेला ट्री? नवी आवृत्ती ओढली की मधल्या एखाद्या हेडरला धक्का लागतो आणि जवळजवळ सगळं नव्याने कंपाईल होतं. वेळच वाचवायचा तर कंपाईल झालेलं साठवून ठेवणारं सीकॅश लावावं. मर्यादा ठरवून दिली की जुनं ते आपणहून टाकतं, कुणाला विचारत बसत नाही.

व्हीएमलिनक्सचं तसं नाही. बूट होते ती तिचीच, पण सिम्बॉल आणि डिबग माहिती छाटून दाबलेली प्रत. मशीन पॅनिक झालं की लॉगमध्ये येतं फंक्शनचं नाव आणि त्यापुढे हेक्समधला ऑफसेट. त्यावरून सोर्समधली नेमकी ओळ काढायची तर त्याच बिल्डची व्हीएमलिनक्स लागते. कर्नलसोबत येणारी डीकोड-स्टॅकट्रेस स्क्रिप्ट तिच्यातच शोधते, 'क्रॅश'सारखं टूलही तीच मागतं. पुन्हा बिल्ड करू म्हणावं तर मधल्या काळात कंपायलर अपडेट झालेला असतो, नाहीतर एखादा कॉन्फिग पर्याय पालटलेला असतो. पत्ते सरकतात, ओळ भलतीच निघते, आणि वाईट म्हणजे ती भलती ओळही पटण्यासारखी असते. अर्धा दिवस तिच्यामागे सहज जातो. म्हणून आधी बिल्ड-आयडी जुळवायचा, मगच पुढचं बोलायचं.

एक खोच लक्षात ठेवावी. 'मेक क्लीन' कॉन्फिग ठेवतं, बाहेरची मॉड्यूल्स बनवण्यापुरती सामग्रीही ठेवतं, पण व्हीएमलिनक्स आणि सिस्टिम-मॅप नेतं. 'मेक एमआरप्रॉपर' तर कॉन्फिगही शिल्लक ठेवत नाही, बिल्डचा क्रमांकसुद्धा पुन्हा एकपासून सुरू होतो. तेव्हा साफसफाईआधी व्हीएमलिनक्स, सिस्टिम-मॅप, डॉट-कॉन्फिग, मॉड्यूल-सिमव्हर्स आणि न छाटलेली मॉड्यूल्स बाहेर काढून घ्यायची. मी बिल्ड-आयडीच्या नावाने फोल्डर करतो.

फ्रीबीएसडीवाल्यांचा संसार जास्त नेटका. त्यांचे ऑब्जेक्ट सोर्समध्ये मिसळत नाहीत, यूएसआर-ओबीजेत वेगळे राहतात. (लिनक्समध्येही 'ओ' हा पर्याय देऊन हे जमतं, किती जण देतात?) मात्र तिथे बिल्डवर्ल्ड, बिल्डकर्नल, इन्स्टॉलकर्नल, रीबूट आणि शेवटी इन्स्टॉलवर्ल्ड असा क्रम असतो. ही शेवटची पायरीही त्याच ओबीजेतून माल उचलते. त्याआधी ते फोल्डर रिकामं करणं म्हणजे स्लॅब ओला असताना सेंट्रिंग काढणं. नंतर खुशाल पुसा. अपवाद एकच, एका दणकट मशीनवर बिल्ड करून बाकीची मशीन्स एनएफएसवरून इन्स्टॉल करत असतील तर सगळ्यांचं होईपर्यंत थांबा.

मग व्हीएमलिनक्स तरी कधी टाकायची? ते कर्नल चालवणारं शेवटचं मशीन अपग्रेड झालं की. पण शेवटचं कुठलं हे छातीठोकपणे सांगणारं कुणी भेटत नाही. म्हणून बिल्ड-आयडीच्या त्या फोल्डरात एक साधी टेक्स्ट फाईल असते, कर्नल कुठकुठल्या मशीनवर गेलंय त्याची. अपग्रेड करणाऱ्याने आपल्या मशीनची ओळ खोडायची असा नियम आहे, आणि ती खोडायची आठवण मलाच करावी लागते.