चार चाकांचे पेव

आमच्या सोलापूरकडे ज्वारी जितक्या कष्टाने पिकवली, तितक्याच निगुतीने ती साठवलीही. जमिनीत पेव खणायचे, सुगीत भरायचे आणि पाऊस रुसला की उघडायचे. पेवे गेली, भाषेत ‘पेव फुटणे’ तेवढे उरले. वर्गात हा वाक्प्रचार आला की पेव म्हणजे काय, हे मुलांना आधी सांगावे लागते. अलीकडे मी त्यांना आमच्या अंगणातले उदाहरण देतो. या पेवाला चार चाके आहेत आणि त्यात ज्वारीऐवजी वीज भरलेली असते.

सोलापुरात पाणी उणे पडेल, पण ऊन कधी उणे पडायचे नाही. जवळच फताटेवाडीला एनटीपीसीचे 1320 मेगावॅटचे केंद्र कोळसा जाळून आणि उजनीचे पाणी पिऊन वीज करते. आणि डोक्यावरचे फुकटचे ऊन मात्र पापड-कुरडयांखेरीज कोणाच्या कामी येत नव्हते. 2024 च्या फेब्रुवारीत ‘पीएम सूर्यघर’ योजना आली. तीन किलोवॅटला 78 हजारांचे अनुदान मिळते असे कळले, आणि आमच्या गच्चीवर पापडांच्या जागी पॅनेले पसरली. दिवसाकाठी सरासरी बारा युनिटे होतात, घराला आठ पुरतात. उरलेली तारेत जातात आणि नेट मीटरवर आपल्या नावे जमा होतात. सौभाग्यवतींचे वाळवण तेवढे माहेरी गेले.

यात एक गोम आहे. बाहेरची वीज गेली की गच्चीवरचीही बंद पडते! खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून इन्व्हर्टरने आपण होऊन थांबायचे असते. नियम रास्तच आहे, पण भर दुपारी पंखा थांबला, तेव्हा आई म्हणाली, “अरे, गावचा नळ गेला म्हणून घरच्या विहिरीलाही कुलूप?”

त्या कुलपाची किल्ली गाडीत सापडली. जपानात 2011 च्या भूकंपानंतर विजेची टंचाई झाली, आणि 2012 साली निस्सानने आपल्या ‘लीफ’ मोटारीतून घराला वीज पुरवण्याची सोय बाजारात आणली. आपल्याकडच्या काही विजेच्या गाड्यांतही आता चार्जिंगच्या तोंडाला एक जोडणी लावली की 3.3 किलोवॅटपर्यंतची उपकरणे चालतात. आमच्या गाडीत चाळीस युनिटे मावतात. म्हणजे कागदावर घराचे पाच दिवस. मात्र ही वीज घरच्या वायरिंगमध्ये परस्पर सोडायची नाही. वायर ओढून तिच्यावर पंखा, फ्रिज, दिवे तेवढे लावायचे.

आणखी एक अडचण आहे. दिवसा ऊन घरी आणि गाडी माझ्याबरोबर कॉलेजात! दोघांची गाठ रविवारीच पडते. एरवी दुपारी तारेत ठेव ठेवायची आणि रात्री ती काढून गाडीत भरायची.

या मे महिन्यात वळीव असा कोसळला की गल्लीतली झाडे तारांवर आली. रात्री दहाच्या सुमारास शेजारचे अण्णा कुंपणाशी उभे राहिले. काकूंचे ऑक्सिजनचे यंत्र विजेवर चालते; जवळचा सिलिंडर तासाभराचाच राहिला होता. गाडीत त्या वेळी बारा युनिटे होती आणि सकाळी मला उत्तरपत्रिका तपासायला बार्शीला जायचे होते. सत्तर किलोमीटरला दहा तरी युनिटे हवीत. यंत्राला साडेतीनशे वॅट. रात्रभरात तीन युनिटे. वर आमचे पंखे आणि फ्रिज. मी बोटांवर हिशेब करीत राहिलो.

“मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी कोठार उघडताना तराजू आणला होता काय रे?” आई अंधारातून म्हणाली, आणि हातात विंझणा घेतला. सौभाग्यवतींनी फ्रिजमधले दूध तापवून ठेवले. मी कुंपणावरून वायर टाकली. पलीकडे यंत्राची घरघर सुरू झाली. ती ऐकत आम्ही तिघे बाहेर बसलो. एवढ्या उकाड्यात असे स्वस्थ बसणे पूर्वी कधी जमले नव्हते. सकाळी मी एस.टी.ने बार्शीला गेलो. वीज आली तेव्हा नऊ वाजून गेले होते.

आमचे एक विज्ञानवाले सहकारी म्हणतात, अशाने बॅटरी झिजते. झिजतच असणार. पण अशा बॅटऱ्या हजाराहून अधिक वेळा भरता-रिकाम्या करता येतात, आणि त्या रात्री खर्ची पडला तो एका भरण्याचा जेमतेम तेरावा हिस्सा. बार्शीच्या फेरीत याहून जास्त झीज होते, आणि तिचा जाब कोणी विचारत नाही.

वायर गुंडाळून ठेवायला मी कुंपणाच्या भिंतीला एक खिळा मारला आहे. परवा पाहतो तो अण्णांनी पलीकडच्या बाजूनेही एक मारला होता.