आंब्याच्या खोडावरचे चट्टे

पुणे, नागपंचमी

चि. बाळ,

फोटो पोचले. जिंतूरच्या शेतातला बांधावरचा गावरान आंबा लगेच ओळखला. खोडभर राखाडी-पांढरट चट्टे, मधूनच फिकट हिरवे, कडा कातरल्यासारख्या. दुकानदार म्हणाला बुरशी आहे, खरवडून औषध मारा. आणि तू विळा घेऊन तयार. आधी विळा खाली ठेव.

ते दगडफूल आहे. आपल्या काळ्या मसाल्यात पडतं त्याचंच भावंड. मसाल्यातलं मात्र थंड, दमट डोंगरांतून येतं आणि पानासारखं सुटं वाढतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर आणि पाऊस काय तो चार महिने, त्यामुळे सालीला घट्ट चिकटलेल्या चपट्या जातीच जास्त तग धरतात. (तुझ्या आईला सांग, खोडावरचं काढून मसाल्यात घालायचं नाही!)

दुकानदाराचं अर्धं खरं आहे. दगडफुलात बुरशी असतेच, पण ती एकटी नसते. तिच्या धाग्यांत सूक्ष्म शैवाल राहतं. शैवाल उन्हावर अन्न तयार करतं, बुरशी त्याला आसरा आणि ओल देते. 1867 साली श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने हे मांडलं, तेव्हा दगडफुलांच्या भल्याभल्या जाणकारांनी त्याला वेड्यात काढलं होतं. मग घरातच अन्न शिजत असताना दगडफूल आंब्याचा रस कशाला चोरेल? त्याला मुळंच नाहीत. सालीचा बाहेरचा मेलेला थर धरून ते बसतं, एवढंच. पाणी पावसाचं नि दवाचं, क्षार धुळीतले. आणि धुळीला आपल्याकडे तोटा नाही. पाऊस नसेल त्या दिवशी सुक्या चट्ट्यावर पाणी शिंपडून बघ. थोड्या वेळात हिरवट होईल, कारण वरचा थर भिजला की आतलं शैवाल दिसू लागतं.

हे काही माझ्या पदरचं नाही. इथे आघारकर संशोधन संस्थेत पटवर्धन आणि मखिजा यांनी दगडफुलांवर वर्षानुवर्षं काम केलं, कित्येक नव्या जाती नोंदवल्या. त्यांतल्या पुष्कळ झाडांच्या सालींवरच्याच.

मग खंगलेल्या झाडावरच ते जास्त का दिसतं, हा तुझा प्रश्न रास्त आहे. पानं विरळ झाली की खोडावर ऊन पोचतं, आणि शैवालाला ऊन हवंच असतं. शिवाय वाढ खुंटलेल्या झाडाची साल लवकर सुटत नाही. वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर पसरणाऱ्या दगडफुलाला तिथे निवांत बसता येतं. विहिरीजवळच्या पेरूची साल सारखी सोलून पडते, त्याच्यावर बघ, फारसं काही टिकलेलं नसेल. झाड आधी खंगतं, दगडफूल मागून वाढतं.

आता तुझा शेवटचा फोटो. तू दाखवलंस खोड, मला दिसला वरचा कोपरा. शेंड्याकडच्या दोन फांद्यांवर वेगळ्याच जाड पानांचा झुपका आहे. ते बांडगूळ, खरा चोर तो. स्वतःच्या पानांत अन्न करतं, पण पाणी नि क्षार आंब्याच्या लाकडात शिरून थेट ओढतं, आणि पुढची फांदी वाळत जाते. हिरवंगार दिसतं म्हणून त्याच्याकडे कुणी बोट दाखवत नाही. फुलटोच्या त्याची फळं खातो आणि चिकट बी दुसऱ्या फांदीला पुसून जातो. म्हणून शेजारच्या आंब्यांवरही नजर टाक.

नुसतं ओरबाडलंस तर गाठीतून पुन्हा फुटेल. गाठीच्या हातभर खालून फांदीच काप आणि कापावर बोर्डो पेस्ट लाव. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र कर, लोखंडी बादलीत नको. पेस्ट लागेल तिथलं दगडफूल मरेलही, पण फक्त त्याच्यासाठी औषधावर एक रुपया घालू नकोस. खोडातून डिंक गळत असेल किंवा सालीवर अळीची जाळी नि भुसा दिसला, तर मात्र ते दुखणं वेगळं. मग सालीचा तुकडा घेऊन परभणीला कृषी विद्यापीठात जा, दुकानात नको.

फांद्या ओल्या आहेत तोवर कुणाला वर चढवू नकोस. पाऊस उघडला की जाणता गडी बघ, आणि बांडगूळ उतरलं की कळव.

तुझी आत्या