सांदवाडीतली गावरान कोंबडी

भंडारा शहराच्या जुन्या वस्तीत घरामागे जिथे सांदवाडी उरली आहे तिथे गावरान कोंबडी अजून पाळली जाते. तिचे आयुष्य रवणीपासून सुरू होते. टोपलीत धानाचे तणस घालून खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवतात. ती 21 दिवस बसते, चोचीने अंडी फिरवते आणि दिवसातून एखाद्या वेळी दाण्यापाण्यासाठी उठते. फुटण्याच्या आदल्या दिवशी पिल्लू कवचातूनच चिवचिवते आणि आई त्याला उत्तर देते. पोटात उरलेल्या बलकावर पिल्लू पहिले दोन दिवस काढू शकते. हॅचरीवाले एका दिवसाची पिल्ले दूरवर पाठवतात ती याच जोरावर.

जिल्हा धानाचा, त्यामुळे राइस मिलमधली कनकी आणि कोंडा स्वस्तात मिळतो. किडे-वाळवी टिपायला पिल्ले आईमागे फिरून शिकतात. दिवसा घारीचे आणि मुंगसाचे भय. रात्री बुरुडाचे डालं किंवा खुराडं हवेच. त्याहून मोठा शत्रू म्हणजे मानमोडीची साथ. ती आली की एकेक करून सारा कळप जातो. त्यावर पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचणी, एवढाच भरवशाचा उपाय.

सहाव्या-सातव्या महिन्यात तलंगेचा तुरा लाल होतो आणि ती अंधारा कोपरा शोधू लागते. नुसत्या अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, हे पहाटेच्या आरवण्याने वैतागलेल्या शेजाऱ्यांना सांगण्यासारखे आहे. एक अंडे तयार व्हायला सुमारे 25 तास लागतात, त्यांतले वीस कवचालाच. म्हणून अंड्याची वेळ रोज थोडी पुढे सरकते आणि मग एक दिवस खाडा पडतो.

बारा-पंधरा अंडी झाली की गावरान कोंबडी खुडूक होते. पिसे फुलवून, कुरकुरत ती रिकाम्या जागेवरही बसून राहते, अंडी बंद. वर्षाला साठ-ऐंशीच अंडी मिळतात ती यामुळेच. व्हाइट लेगहॉर्न तीनशेच्या घरात जाते, कारण निवडीतून तिचा खुडूकपणाच काढून टाकला आहे. पण तिला स्वतःची पिल्ले काढता येत नाहीत. गिरिराज, वनराज या सुधारित जाती मधल्या, त्याही क्वचितच बसतात. रोजचे अंडे हवे असलेला शहरी माणूस खुडूक कोंबडीला पाण्यात बुचकळतो. ते क्रूर आहे आणि फारसे उपयोगीही नाही. खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात दोन-चार दिवस ठेवणे पुरते. खरे तर सुधारित कोंबडीची फलित अंडी या खुडूक कोंबडीखाली ठेवली, तर बिनविजेची हॅचरी घरातच मिळते.

मे महिन्यात पारा 45 अंशांकडे गेला की कोंबडी चोच उघडून धापा टाकते. तिला घाम येत नाही. धापांमुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि कवच पातळ होते. सावली आणि मडक्याचे थंड पाणी तेव्हा दाण्याइतकेच महत्त्वाचे. पावसाळ्यात ओल्या खुराड्यात रक्ती हगवण लागते, म्हणून तळाशी कोरडा कोंडा आणि बाजूला राखेचा ढीग. राखेत लोळून ती उवा झाडते. दिवस लहान झाले की पिसे गळतात आणि अंडी पुन्हा थांबतात.

दुसऱ्या वर्षानंतर अंडी घटतात. बहुतेक कोंबड्यांची रवानगी मग चुलीवर होते. नाव ठेवलेली, हातावर दाणे टिपणारी एखादी मात्र सहा-सात वर्षे जगते. रवणीला अशी जुनी कोंबडीच उत्तम. तिच्याखाली बदकाची अंडीही ठेवतात. त्यांना 28 दिवस लागतात, आणि ती आठवडाभर जास्त बसते.