वहिनीचा रविवार

छत्रपती संभाजीनगर

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. पुण्याला शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात चार दिवस एकांताला जावं का, असं विचारलंस. जरूर जा. १९२२ साली जॅक विन्स्लो या इंग्रज पाद्र्याने ख्रिस्त सेवा संघ काढला, त्याच परंपरेतली ती जागा. तू पाळक, त्यात धर्माबादेत मिरचीचा हंगाम लागला की तुझी काय धावपळ होते, मला ठाऊक आहे. सकाळी उपासना, मग संडे स्कूल, संध्याकाळी कोणाच्या तरी घरी प्रार्थना, मध्येच कोणी दवाखान्यात पडलेलं. थकणारच.

पण लहान तोंडी मोठा घास घेते. मार्काच्या सहाव्या अध्यायाचा दाखला दिलास : प्रभूने थकलेल्या शिष्यांना एकांती विसावा घ्यायला बोलावलं. जरा पुढे वाच. होडी किनाऱ्याला लागायच्या आत लोक पायी पायी तिथे हजर! विसावा राहिला बाजूला, पाच हजारांचं जेवण निघालं. मग प्रभूने शिष्यांना होडीत बसवून पुढे धाडलं आणि लोकांना निरोप द्यायचं काम स्वतःच्या अंगावर घेतलं. ते उरकून तो डोंगरावर प्रार्थनेला गेला. आधी दुसऱ्यांना मोकळं केलं. तुझ्या घरात आधी कोण मोकळं होतं?

रविवारी खेड्यांवरून आलेली माणसं उपासनेनंतर जेवायला थांबतात. तू त्यांच्याशी बोलत बसतोस, वहिनी भाकऱ्या थापते. शब्बाथाची आज्ञा काढून बघ. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरं, वेशीतला परका, सगळे त्यात आहेत. बायको नाही. ‘तू’ म्हटलं त्यात तीही आलीच, असं मी धरते. नाहीतर बैलाला सुट्टी आणि घरधनिणीला नाही, असा देव मला पटायचा नाही. अनुवादाच्या पुस्तकात तर आज्ञेचं कारणच दिलंय, की तुम्हीही मिसरात गुलाम होतात. म्हणजे विसाव्यावर पहिला हक्क राबणाऱ्याचा.

जॉन वेस्लीच्या आईची गोष्ट तू बायकांच्या सभेत सांगतोस. घरात पोरांचा गलका, म्हणून ती डोक्यावरून ॲप्रन ओढून प्रार्थना करायची म्हणे. बायका माना डोलावतात. मला राग येतो. एकोणीस बाळंतपणं झालेल्या त्या बाईची पोरं तासभर बाहेर न्यायला घरात कोणीच नव्हतं? नवरा तर पाळकच होता!

आणि हंगामात उपासना चुकली म्हणून मंडळीतल्या हमालांना, मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायकांना बोलू नकोस. त्यांचा एक खाडा म्हणजे एक रोज बुडाला. रविवार देवाने दिला, असं आपण सहज म्हणतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना तो नारायण मेघाजी लोखंड्यांनी झगडून मिळवून दिला, १० जून १८९० पासून. ते फुल्यांचे सत्यशोधक. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यांनी मागणीत सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी कारखाना कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. शेतातल्या अन् आडतीवरच्या रोजंदारांपर्यंत पगारी सुट्टी अजून कुठे पोचलीय? तेव्हा हंगामापुरती उपासना रात्री ठेव. प्रवचन अर्धं कर (तसंही ते लांबतंच) आणि माणसांना घरी जाऊन झोपू दे. एलीया मरण मागत झाडाखाली पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. उठवून भाकर-पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. देवाचा मंद आवाज त्याने ऐकला तो त्यानंतर कितीतरी दिवसांनी, होरेबावर.

पुण्याचं म्हणशील तर दोघं जा. देवगिरी एक्सप्रेसने इथवर या, पोरांना माझ्याकडे सोडा. पुस्तकं बरोबर दे, अभ्यास मी घेईन. मंडळीतल्या वडिलांपैकी कोणाला तरी एका रविवारची उपासना चालवू दे, काही बिघडत नाही. आणि तिकिटं काढण्याआधी वहिनीला विचार. तिला कदाचित आश्रम नको असेल, माहेरी जायचं असेल.

तुझी,
धाकटी