जस्ताची कांडी

घटस्थापनेआधी घर झाडायचे, हा आमच्याकडचा शिरस्ता. गेल्या वर्षी झाडताना धाकटीला माझ्या टेबलाच्या खणात करंगळीएवढी एक करडी कांडी सापडली. "बाबा, हा खडू आहे का?" तिने विचारले. खडू नव्हता, जस्त होते. शिमग्याला आबांनी सांगितले म्हणून मी ती मुंबईला परतल्यावर नागदेवीच्या बाजारातून आणली होती. मग एकदा फोनवर आबांनी आठवणही केली. "पाठवतो," म्हणालो. गणपतीला हर्णैला जाऊन आलो, तरी कांडी खणातच!

त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला. सुवर्णदुर्गाच्या पलीकडे आमच्या बोटीचे इंजिन धडाडत होते, पण बोट जागची हलेना. दुसऱ्या एका नाखव्याने ओढून तिला अंजर्ल्याच्या खाडीत आणून सोडले होते. मी कांडी खिशात टाकली नि रात्रीची एस.टी. धरली.

वाचकहो, गिअरबॉक्स म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेते. गिअरबॉक्स त्यांचे ६०० करून पंख्याला देतो. पुढे जायचे की मागे, हेही त्याच्याच हाती. त्यातले तेल तापते, म्हणून ते कूलरमधून फिरवतात. तिथे तांब्याच्या नळ्यांच्या एका अंगाला तेल, दुसऱ्या अंगाला समुद्राचे पाणी. खारे पाणी धातू खाते. त्याने आधी जस्त खावे, म्हणून आमच्या कूलरमध्ये ही कांडी बसवतात. ती झिजते तोवर नळ्या वाचतात. नैवेद्यच म्हणा, फक्त इथे देव खरोखरच खातो! दरसाल जून-जुलैच्या मासेमारीबंदीत आबा ती बदलत. त्या वर्षी जुनाच तुकडा परत बसवला होता.

मी पोचलो तेव्हा मिस्त्री गिअरबॉक्सचे तेल काढत होते. तेल कुठले, दुधाचा चहा! नळीला टाचणीएवढे भोक पडले होते. इंजिन चालू असताना तेल समुद्रात जाई, बंद पडले की समुद्र तेलात येई. क्लचच्या चकत्या घसरून घसरून जळल्या होत्या.

"आबा, २५ वर्षे झाली. आता विका ही बोट," मी मोठ्या शहाणपणाने म्हणालो. खिशातली कांडी मांडीला टोचत होती.

दादाने दारूखान्यातला एक जुना गिअरबॉक्स बोलून ठेवला होता. स्वस्त होता. आबांनी एवढेच विचारले, "रेशो काय?" दोनास एक. म्हणजे आमचा तोच मोठा पंखा ६०० ऐवजी ९०० फेरे फिरवायचा. इंजिनाने काळा धूर ओकून मान टाकली असती. "परक्याचा जोडा नको," आबा म्हणाले. "आपलाच शिवू."

चकत्या, बेअरिंगे, सील, कूलर, सगळे नवे. खर्चाचा आकडा सांगत नाही. आबांनीही मला सांगितला नाही. चार खलाशांनी पेटी बांबूवर घालून बाहेर काढली होती, दसऱ्याच्या आदल्या दिवशी तशीच आत नेली. शाफ्टचे कपलिंग जुळवायचे तेवढे राहिले. ओहोटी होती, बोट चिखलात बसलेली. मिस्त्रींनी चारी बाजूंनी फिलरची पाती घालून पाहिली. बरोबर जुळले.

"आवळा," मी म्हणालो.

"थांब रे," आबा काठावरून ओरडले. "पाणी भरू दे."

सांजेला भरती आली, बोट उचलली. पाती पुन्हा घातली. आमच्या पाच इंची कपलिंगला पाच हजारांश इंचापलीकडे फरक चालत नाही. इथे वीस भरला! लाकडी बोट जमिनीवर एका आकाराची असते, पाण्यात दुसऱ्या. हे मला, दर्यावर जन्म काढणाऱ्याच्या मुलाला, त्या रात्री कळले. इंजिनाच्या पायांखाली पत्र्याच्या पट्ट्या सारता सारता बारा वाजले.

शेवटी आबांनी हात पुढे केला. "कांडी."

मिस्त्री खोके चाळू लागले. मी खिशातून काढून दिली. आबांनी ती बॅटरीच्या उजेडात धरली. जुनी पांढरट पुटे पाहिली, पंचाने पुसली नि कूलरमध्ये फिरवून घट्ट केली.

"पुढल्या शिमग्याला दोन आण," ते म्हणाले. "एक विसरायला."