मीठ बदलू नकोस

पेठ वडगाव

चि. छकुली,



तुझा रिपोर्ट आईनं पाठवला. टीएसएच वाढलाय, अँटीबॉडीज आहेत, म्हणजे हाशिमोटो. शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच थायरॉइडवर उलटते, असा हा आजार. गोळीनं तो आटोक्यात राहतो. मला काळजी लागली ती तू मीठ सोडून सैंधव आणलंस त्याची.

आयोडीननं हा आजार वाढतो, हे तू वाचलंस ते खोटं नाही. आयोडीन जास्त झालं की थायरॉइडमधल्या थायरोग्लोब्युलिन या प्रथिनावर ते अधिक चढतं, आणि मुळात ज्यांचा कल असतो त्यांच्या शरीराला ते प्रथिन परकं वाटू लागतं. चीनमध्ये तीन ठिकाणच्या लोकांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं होतं. निष्कर्ष २००६ साली आले. आयोडीन कमी तिथं हजारात दोघांना, गरजेहून जास्त तिथं दहा जणांना आणि अतिरेक होता तिथं तेरा जणांना हा आजार नव्यानं झाला. जपान-कोरियात समुद्री शेवाळ भरपूर खाणाऱ्या काही रुग्णांनी ते कमी केल्यावर थायरॉइड सुधारलाही. त्यांच्यासाठी आयोडीन कमी करण्याचा सल्ला योग्यच.

पण आपल्या ताटात शेवाळ कुठं असतं? मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. नियमानं आपल्या हाती येणाऱ्या मिठात ग्रॅममागे किमान १५ मायक्रोग्रॅम असायला हवं. दिवसभरात आठ-दहा ग्रॅम मीठ पोटात गेलं, तरी गरज जेमतेम भागते. हा अतिरेक नव्हे. सैंधवात मात्र आयोडीन नसल्यातच जमा. देशात १९६२ पासून गलगंडाविरुद्ध मोहीम चालली, ती आयोडीनच्या उणिवेपायीच.

आणि तुम्ही दोघं आता बाळाचा विचार करताय. गरोदरपणी ही गरज २५० मायक्रोग्रॅमपर्यंत जाते. बाळाचा मेंदू घडायला आईचं थायरॉइड संप्रेरक लागतं, सुरुवातीच्या महिन्यांत तर सगळं तिच्याकडूनच.

म्हणून साधं आयोडीनयुक्त मीठच वापर, बेतानं. शेवाळाच्या किंवा 'थायरॉइड सपोर्ट' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या मात्र घेऊ नकोस. खरा अतिरेक तिथं होतो. गरोदरपणासाठी आयोडीनची वेगळी गोळी हवी का, ते डॉक्टरांना विचार. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, न चुकता. दिवस राहिले की त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठ. डोस बहुधा वाढवावा लागतो.

तुझी,
मावशी