कलकत्त्यातील एक रात्र

प्रवासात गाडी बदलण्यासाठी एखाद्या मोठ्या शहरात रात्र काढावी लागली, की आपण मध्यमवर्गीय माणसे ती रात्र खर्चाच्या बाजूस मांडतो. सामानावर बसून काढलेले तास, डासांचा उपद्रव आणि फलाटावरचा फिका चहा, एवढीच तिची आठवण उरते. गेल्या मार्गशीर्षात मात्र अशीच एक रात्र आम्हां उभयतांच्या वाट्याला आली आणि ती जमेच्या बाजूस गेली. तिची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहे.

आम्हांला बडोद्याहून जलपायगुडीस जायचे होते. बडोद्याहून निघालेली गाडी दुपारी दोनच्या सुमारास हावड्यास पोहोचली. पुढची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता, आणि तीही सियालदाहून. मध्ये पंचवीस तास. मी पडलो मुख्याध्यापक. वेळापत्रक आखल्याशिवाय मला चैन पडत नाही. एका कागदावर मी अकरा प्रेक्षणीय स्थळे लिहून ठेवली होती. तो कागद पाहून सौ. म्हणाली, "अहो, ही काय शाळेची सहल आहे? माझ्या गुडघ्यांचा तरी विचार करा."

जलपायगुडीस आमची मुलगी असते. चार वर्षांपूर्वी तिने एका बंगाली तरुणाशी विवाह केला. मुलगा सुविद्य आणि सुस्वभावी; नाव ठेवायला कोठे जागा नव्हती. आम्ही लग्नाला उपस्थित होतो. पण मी मनाने नव्हतो, हे आज कबूल केले पाहिजे. दर पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणावर राष्ट्रीय एकात्मतेवर भाषण करणारा मी, घरच्या उंबरठ्यावर मात्र अडखळलो. मुलगी तीनदा माहेरी येऊन गेली. विहीणबाईंची हिंदीतून लिहिलेली दोन आमंत्रणे आली. मी प्रत्येक वेळी परीक्षांचे निमित्त पुढे केले. आता नातू सहा महिन्यांचा झाला. आपल्याकडे ज्याला उष्टावण म्हणतात, त्याच संस्काराला बंगाल्यांत 'मुखेभात' म्हणतात. पहिला घास आपल्याप्रमाणेच तेथेही मामाने भरवायचा. आमच्या मुलीस भाऊ नाही. तेव्हा तो मान आजोबांचा, असे विहीणबाईंनी कळवले. यापुढे निमित्त उरले नाही.

मोठ्या शहरातील मुक्कामाचे पहिले सूत्र असे, की ज्या स्थानकावरून पुढची गाडी, त्याच्याच आसऱ्याला राहावे. आमच्या तिकिटावर सियालदा स्थानकातील रिटायरिंग रूम आधीच मिळाली होती. हावड्याहून तेथे जाण्यासाठी पूर्वी पुलावरील वाहनांच्या गर्दीत तास मोडत असे. आता २०२४ पासून हुगळीच्या पात्राखालून मेट्रो धावते, आणि २०२५ मध्ये तो मार्ग सियालद्यापर्यंत जोडला गेला. नदीखालचा अर्धा किलोमीटरचा बोगदा गाडी पाऊण मिनिटात ओलांडते. "गंगा ओलांडताना डोक्यावरून गेली, आता हात कुठे जोडायचे?" असे म्हणून सौ.ने डब्याच्या छताला नमस्कार केला.

सामान खोलीत टाकून आम्ही पायीच कॉलेज स्ट्रीटला गेलो. अंतर जेमतेम एक-दीड किलोमीटर. १८१७ सालचे हिंदू कॉलेज, म्हणजे पुढचे प्रेसिडेन्सी. १८२४ सालचे संस्कृत कॉलेज. आणि आपल्या मुंबई विद्यापीठाच्याच वर्षी, १८५७ मध्ये स्थापन झालेले कलकत्ता विद्यापीठ. ही सर्व येथे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांच्या कुंपणाला लागून पदपथावर पुस्तकांची खोपटी. छताला टेकलेले ढीग, मध्ये बसलेला विक्रेता आणि हवे ते पुस्तक ढिगाच्या तळातून काढण्याचे त्याचे कसब. आमच्या शाळेत मराठी वर्गांचा पट वर्षावर्षाने घसरत असलेला पाहणाऱ्या माझ्यासारख्याला त्या ढिगांपुढे थोडा हेवा वाटला, हे लपवीत नाही.

एका वृद्ध विक्रेत्याने हिंदीत विचारले, "कुठले?" मी सांगितले, "बडोद्याचे. मराठी." तो चटकन म्हणाला, "मग सखाराम गणेश देउस्कर तुमचेच की!" मी थक्क झालो. देउस्कर मराठी घराण्यातले, देवघरच्या परिसरात १८६९ मध्ये जन्मलेले आणि बंगालीत लिहिणारे. त्यांचा 'देशेर कथा' हा देशाच्या आर्थिक लुटीवरील ग्रंथ १९०४ मध्ये निघाला आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. परप्रांतात वसलेल्या मराठी माणसाने त्या प्रांताची भाषा इतकी आपलीशी करावी, की तेथल्या पदपथावर शंभर वर्षांनंतरही त्याचे नाव निघावे! मी बडोद्यात जन्म काढला. गुजराती बोलतो, कचेरीचा व्यवहार तीतच करतो. पण तिच्यात मी काय दिले, हा प्रश्न त्या वृद्धाने नकळत माझ्यापुढे ठेवला.

तेवढ्यात सौ.ने एक पातळसे पुस्तक उचलले. ईश्वरचंद्र विद्यासागरांची 'वर्णपरिचय' ही १८५५ सालची बालपोथी, आजही छापली जाते. "नातवासाठी?" विक्रेत्याने विचारले. "नाही, माझ्यासाठी," ती म्हणाली. मी तिच्याकडे पाहतच राहिलो. चार वर्षांत मला जे सुचले नाही, ते तिने वीस पावलांत केले.

जवळच जुन्या अल्बर्ट हॉलमध्ये कॉफी हाउस आहे. उंच छत, संथ फिरणारे पंखे, तुरेवाले फेटे बांधलेले वाढपी आणि टेबलाटेबलावर रंगलेले वाद. तेथे बसून मी सौ.ला बडोदे आणि बंगाल यांचे जुने नाते सांगितले. अरविंद घोष १८९३ पासून १९०६ पर्यंत सयाजीराव महाराजांच्या सेवेत होते. बडोदा कॉलेजात शिकवीत. तेथून ते याच कलकत्त्यात राष्ट्रीय शिक्षणाच्या कार्यासाठी आले. रमेशचंद्र दत्त बडोद्याचे दिवाण झाले आणि १९०९ मध्ये बडोद्यातच निवर्तले. सौ. पोथीतून मान वर न करता म्हणाली, "महाराजांनी बंगाली माणसे घरात आणली, तेव्हा त्यांना कोणी बोल लावला नाही ना?" या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी कॉफी मागवली.

मुक्कामाचे दुसरे सूत्र: रात्री लवकर निजावे आणि पहाट साधावी. मोठे शहर पहाटे परक्या माणसाशीही सौम्य असते. साडेपाचला आम्ही टॅक्सीने हावडा पुलाच्या पायथ्याशी, मल्लिक घाटाच्या फुलबाजारात उतरलो. झेंडूच्या माळांची जाड वेटोळी डोक्यावर घेऊन माणसे धावत होती. पायाखाली पाकळ्यांचा चिखल. आणि वर, १९४३ मध्ये खुला झालेला तो पोलादी पूल. नदीच्या पात्रात त्याचा एकही खांब नाही. सुमारे साडेसव्वीस हजार टन पोलाद नट-बोल्टांवाचून, केवळ रिव्हेटांनी सांधलेले आहे. विहीणबाईंसाठी सौ.ने निशिगंधाचा जुडगा घेतला. "दुपारपर्यंत सुकेल," मी म्हणालो. "सुकू द्या. रिकाम्या हाताने गेलो नाही, एवढे कळेल."

तेथून बागबाजार. माझ्या अकरा स्थळांच्या यादीत हे शेवटचे होते. पण ते पाहिल्याशिवाय मला जायचे नव्हते. तेथे 'मराठा डिच लेन' नावाची एक गल्ली आहे. डिच म्हणजे खंदक. १७४२ पासून नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून येऊ लागल्या. खेडी लुटली गेली, माणसे देशोधडीला लागली. हा भाग आपल्या शाळेच्या पुस्तकात फारसा नसतो. भयभीत कलकत्तेकरांनी शहराभोवती सात मैलांचा खंदक खणण्यास घेतला. सहा महिन्यांत तीन मैल खणून झाला. पण स्वार शहरावर आलेच नाहीत आणि काम थांबले. त्या स्वारांना बंगालीत 'बर्गी' म्हणतात. हा शब्द आपल्याच 'बारगीर'चा. सरकारी घोडा आणि शस्त्र मिळालेला स्वार तो बारगीर. त्या बर्गींची आठवण एका अंगाईत टिकून आहे, आणि बंगाली आया आजही ती गाऊन मुलांना निजवतात.

गल्ली अगदी साधी. एक नळ, त्याखाली बादल्या, शाळेला निघालेली दोन मुले. मी उगाच खंदकाची खूण शोधीत होतो. सौ. हसून म्हणाली, "अहो, म्हणजे आपल्या बाळाला त्याची आजी रोज रात्री बर्गीची भीती घालून निजवत असणार. आणि बर्गी तर तुम्ही!" मीही हसलो, पण ते हसू फार वेळ टिकले नाही. स्वार आलेच नाहीत, अशा शहराने भीतीपोटी तीन मैल माती उपसली. माझ्याही घरात चार वर्षे तसलेच काम चालले होते.

यानंतर आम्ही जोडासांकोची ठाकुरबाडी पाहिली. १८६१ मध्ये ज्या वास्तूत रवींद्रनाथ जन्मले, तेथेच १९४१ मध्ये त्यांनी देह ठेवला. १९०४ मध्ये त्यांनी 'शिवाजी-उत्सव' ही कविता लिहिली. ज्या प्रांतात बर्गींची धास्ती अंगाईत मुरलेली, त्याच प्रांताच्या कवीने शिवछत्रपतींना वंदन करावे, ही गोष्ट लहान नव्हे. आठवण पुसल्याने नव्हे, तर तिच्याशेजारी दुसरी चांगली आठवण ठेवल्याने माणसे जवळ येत असावीत.

यादीतील सात स्थळे तशीच राहिली. त्यांचे दुःख नाही. एका रात्रीच्या मुक्कामात शहर पाहून होत नसते. आपल्याला ज्याचे काही देणे-घेणे आहे अशी तीन-चार ठिकाणे निवडावी, त्यांना पुरेसा वेळ द्यावा आणि बाकीची परतीवर सोडावी, हे तिसरे सूत्र.

परतताना टॅक्सी आचार्य प्रफुल्लचंद्र रस्त्याने आली. हाच पूर्वीचा सर्क्युलर रोड. १७९९ मध्ये खंदक बुजवून तो बांधण्यास आरंभ झाला, आणि बागबाजाराकडचा उरलेला भाग पुढे शंभरएक वर्षांनी भरला गेला. एकमेकांना दूर ठेवण्यासाठी खणलेल्या जागेवरूनच आम्ही सियालद्यास, आमच्या मुलीच्या गाडीकडे चाललो होतो.

गाडी सुटण्यापूर्वी मुलीचा फोन आला. "बाबा, आईला फार चालवले नाहीत ना?" मी म्हटले, "चालवले तिनेच मला. आणि हे बघ, विहीणबाईंना फोन दे." चार वर्षांत हे मी प्रथमच म्हणत होतो. पलीकडे क्षणभर शांतता. मग एक अनोळखी, प्रेमळ आवाज. काय बोलावे ते सुचेना. टॅक्सीवाल्याकडून शिकलेले दोन शब्द कसेबसे उच्चारले: "केमोन आछेन?" कशा आहात? पलीकडे त्या इतक्या मोकळ्या हसल्या, की उत्तर ऐकूच आले नाही.

शेजारी सौ. निशिगंधाचा जुडगा मांडीवर घेऊन बसली होती. पोथी उघडी ठेवून, बोटाने अक्षरे जुळवीत, समोरच्या पाटीवरील स्थानकाचे नाव ती बंगालीतून वाचत होती: शि, या, ल, द, ह.